सांगलीत चालवायचो ती साधी काळी सायकल बदलीमुळे साताऱ्यात आणलीय. चढ जड जातात. मागच्या चाकाच्या मध्यभागी तीन गिअरचा हब बसवू, की फिक्स गिअर करून घेऊ?

फिक्स गिअर नको. विश्रामबाग ते मिरज अशा सपाटीवर ती हौस चालून जाते. फिक्सला फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबवले तरी चाक फिरू देणारी मागची दातेरी चकती, नसतं; चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. पुढे 44 आणि मागे 18 दाते धरले, तर यवतेश्वरचा घाट ताशी 40 ने उतरताना पायांना मिनिटाला सव्वाशेच्या आसपास फेऱ्या माराव्या लागतील. शिवाय तुमची अडचण चढाची आहे आणि फिक्सने चढ तसूभरही हलका होत नाही.

तीन गिअरचा हब मात्र मला मनापासून आवडतो, मी तोच वापरतो. कल्पना जुनी आहे, इंग्लंडच्या स्टर्मी-आर्चरने 1902 पासून हे हब बनवले. आत आसाला एक दातेरी चाक पक्कं असतं, त्याच्याभोवती छोटी चाकं फिरतात आणि त्यांच्याबाहेर आतून दाते असलेलं कडं. चेनने कडं ओढलं आणि छोट्या चाकांच्या चौकटीने हब फिरवला की हलका गिअर, उलट केलं की जड. मधला गिअर सरळ, साध्या सायकलसारखा. त्यांच्या एडब्ल्यू हबचा पहिला गिअर मधल्याच्या पाऊणपट आहे, म्हणजे मागे 18 ऐवजी 24 दाते असल्यासारखा. सगळं बंद डब्यात, त्यामुळे आपल्याकडच्या पावसाळ्यात चिखल आत जात नाही. आणि उभ्या सायकलवर गिअर बदलतो! पोवई नाक्यावर मागून हॉर्न वाजत असताना याची किंमत कळते.

पण तुमच्या सायकलवर बसवायचा म्हणजे घोळ आहे. काळ्या सायकलच्या मागच्या रिमला बहुधा 40 भोकं असतात, हे हब मुख्यतः 36 भोकांचे मिळतात. म्हणजे रिम नवी, स्पोक नवे, चाक पुन्हा बांधायचं. त्यात दांडीचे ब्रेक असतील तर रिमही त्याच घडणीची शोधायची. हबपेक्षा हेच निस्तरत बसाल.

म्हणून आधी कोणत्याही सायकलवाल्याकडून 18 चं फ्रीव्हील काढून 22 चं टाकून घ्या. चेन थोडी वाढवावी लागेल, बाकी काही नाही. सपाटीवर पाय जरा भरभर फिरतील, पण राजवाडा, पोवई नाका, एमआयडीसी एवढंच फिरणं असेल तर बहुतेक भागेल. नाहीच भागलं तर हबवाली तयार सायकल बघा. दर रविवारी कासला जायचा बेत असेल, तर तीन गिअरही अपुरे; तिथे मागे जास्त दात्यांची चकती असलेली नेहमीची गिअरची सायकलच घ्या.

इतकं सांगूनही हब याच सायकलवर बसवलात, तर आसाला फिरू न देणारे खाचेचे वॉशर दोन्ही बाजूंना बसलेत का ते स्वतः बघा. सायकलवाले ते साधे वॉशर समजून बाजूला ठेवतात, मग जोर लावला की आसच फिरतो आणि गिअर बिघडतात.