पाठीवरचं दप्तर

प्रश्न : दोन वर्षं हौसेने मातीकाम करते. माणूस आणि निसर्ग यांचं नातं दाखवायचं म्हणून एक काल्पनिक प्राणी घडवला : हरणाचं अंग, बाईचा चेहरा, पाठीवर पंख, शिंगांच्या जागी फांद्या. बघणारे ‘छान’ म्हणून पुढे जातात. मलाही तो ठिगळं लावल्यासारखा वाटतो. त्यात वाळताना दोन्ही शिंगं मुळातून तुटली. काय चुकलं?

उत्तर : आधी शिंगांचं, ते सोपं आहे. बारीक फांद्या लवकर वाळतात आणि आकसतात, जाड डोकं तोवर ओलंच असतं. सगळी ओढाताण सांध्यावर येते. आत तार घातली असेल तर विचारूच नका, तार काही आकसत नाही. डोकं आतून कोरून पोकळ करा. जोडायच्या दोन्ही बाजूंवर चरे पाडा, त्याच मातीचा पातळ लगदा लावून दाबून बसवा आणि फांद्या प्लास्टिकने झाकून ठेवा, म्हणजे डोक्याच्या बरोबरीने वाळतील.

आता ठिगळांचं. पक्ष्याचा पंख म्हणजे त्याचा पुढचा पायच. त्याला कोपर आहे, मनगट आहे. तुमच्या हरणाला चार पाय आहेतच, म्हणजे पंखांसाठी खांद्यांची दुसरी जोडी लागणार, ते ओढणारे स्नायूही लागणार. माझ्या पहिल्या पंखवाल्या वाघाला मी यातलं काहीच दिलं नव्हतं. घरी आलेल्या एका लहानग्याने विचारलं, “याचं दप्तर काढून ठेवू का?”

शरीरशास्त्र मोडू नये असं नाही. असिरियातल्या (आजच्या उत्तर इराकमधलं प्राचीन राज्य) राजवाड्यांच्या दारांवर माणसाच्या डोक्याचे पंखवाले बैल असत, त्यांतल्या बऱ्याच जणांना पाच पाय आहेत. समोरून पाहिलं तर दोन पायांवर थांबलेला, बाजूने पाहिलं तर चार पायांवर चालणारा. पाचवा पाय कशाला, हे घडवणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. तुमचे पंख कशाला आहेत? मला तरी दिसलं नाही. मी काढून टाकले असते.

चेहराही. माणसाचा चेहरा दिसला की नजर तिथेच अडकते, बाकीचं अंग फुकट जातं. जर्मनीतल्या होलेनश्टाइन-श्टाडेल गुहेत १९३९ मध्ये मॅमथच्या, म्हणजे नामशेष झालेल्या केसाळ हत्तीच्या, सुळ्यात कोरलेल्या सिंहमानवाचे तुकडे सापडले. सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीचा, उंची जेमतेम ३१ सेंटिमीटर. डोकं सिंहाचं, उभं राहणं माणसाचं, बस्स.

तुमच्या हरणातही माणूस आधीपासून आहे. त्याच्या पुढच्या पायाचा ‘गुडघा’ म्हणतो ते खरं तर मनगट, आणि खूर म्हणजे दोन बोटांची नखं. तेव्हा डोकं हरणाचंच राहू द्या, चाहूल लागल्यासारखा एक कान मागे वळवा. पुढचा एक पाय मनगटापर्यंत हरणाचा ठेवा आणि तिथून खाली हळूहळू माणसाच्या हातात उतरवा. पळणाऱ्या हरणाला पळायला तोच हात टेकावा लागतोय, असं दिसू दे.

आधी मुठीएवढं कच्चं करून बघा. आणि शिंगं सगळ्यात शेवटी.