एसएलएम नसेल तर लेझरने सूक्ष्म नक्षी छापता येईल का?

एमएस्सीच्या प्रोजेक्टला स्ट्रक्चर्ड, म्हणजे ठरवून आकार दिलेल्या, लेझर प्रकाशाने मायक्रॉनची नक्षी छापायची आहे, पण विभागाकडे स्पेशियल लाइट मॉड्युलेटर (एसएलएम, झोताला संगणकावरून हवा तो आकार देणारं उपकरण) नाही, तर विषय बदलू का, असं विचारलंयत. मुळीच बदलू नका. एसएलएमशिवाय जमणार नाही, हेच मलाही ऐकवलं होतं, म्हणून लिहायला बसलो.

आमच्या लॅबमध्ये ४०५ नॅनोमीटरचा झोत दुभागून दोन आरशांवरून काचेवरच्या रेझिस्टवर (प्रकाशाने बदलणाऱ्या लेपावर) एकत्र आणायचो, म्हणजे तिथे उजेड-अंधाराचे पट्टे पडतात. चार महिने काच कोरीच निघायची. रेघांमधलं अंतर १ मायक्रॉन. एक्स्पोजर चालू असताना हे पट्टे अर्धा मायक्रॉन जरी सरकले तरी उजेडाच्या जागी अंधार येतो, सगळं पुसलं जातं. तेवढ्याला एसीचा वारासुद्धा पुरतो. माझ्या गाइड सरांचं निदान एकच : ‘निधी येऊ दे, एसएलएम घेऊ.’

मी वर्कशॉपच्या काकांकडून अॅल्युमिनियमचा काटकोनी ठोकळा करून घेतला. एका अंगाला आरसा, दुसऱ्याला नमुना, म्हणजे रेझिस्ट लावलेली काच. अर्धा झोत सरळ नमुन्यावर, अर्धा आरशावरून. डब्लिनच्या हम्फ्री लॉइडची १८३४ सालची युक्ती! आरसा आणि नमुना एकाच ठोकळ्यावर, त्यामुळे हलले तरी जोडीनं हलतात. आपाती कोन १२ अंश ठेवला की अंतर जवळजवळ १ मायक्रॉन. डेव्हलप करून काच ट्यूबलाइटखाली तिरकी धरली, तर सीडीसारखे रंग! काका म्हणाले, ‘मोरपीसच की.’ सर म्हणाले, ‘रेघाच आहेत.’

मग नमुना ९० अंशांत फिरवून दुसरं एक्स्पोजर दिलं, ठिपक्यांची जाळी आली. तरी ‘याला स्ट्रक्चर्ड लाइट म्हणत नाहीत’ हे पालुपद सुटलं नाही. का म्हणू नये? दोन झोतांचे पट्टे हा घडवलेला प्रकाशच, फक्त स्वस्तातला.

हां, रेघा-ठिपक्यांपलीकडे यातून फारसं काही निघत नाही. चिबा विद्यापीठाच्या लोकांनी २०१२ मध्ये भोवऱ्यासारख्या झोतानं टँटलमवर पीळदार सुया उठवल्या. तसलं हवं असेल तर एसएलएम किंवा निदान स्पायरल फेज प्लेट (झोताला पीळ देणारी काचेची चकती) लागेलच. आरशावरची धूळही नक्षीत गोल गोल उमटते. ४०५ डोळ्याला मंद दिसतो, त्याला फसू नका, गॉगल घालाच. आणि बाजारातला लेझर पॉइंटर आणू नका, त्याची कोहेरन्स लांबी (जितक्या अंतरापर्यंत झोताच्या लाटा एकमेकींशी जुळून राहतात ती) बहुधा पुरत नाही, सिंगल-मोड, म्हणजे एकाच नेमक्या तरंगलांबीचा, लेझरच हवा. हे मात्र सरांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.