दोनशे तासांनी आवाज सुधारेल, या भरवशावर पैसे मोजावेत का?

नमस्कार. तुमचा मेल वाचून बरं वाटलं, कारण लोक मला घराबद्दल विचारतात, गाडीबद्दल विचारतात, पण हौसेच्या खर्चाबद्दल विचारायला संकोचतात आणि मग खर्च करून झाल्यावर सांगतात. तुम्ही आधी विचारलंत.

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. तुम्ही रोज रात्री साधारण दोन तास गाणी ऐकता. हातात येणाऱ्या दोन पगारांएवढ्या किमतीचे हेडफोन तुमच्या मनात भरलेत. दुकानात तासभर ऐकूनही पाहिलेत, पण तेव्हा वरचे सूर टोचत होते, गाणारी ‘स’ म्हणाली की आवाज चिरकल्यासारखा वाटत होता, आणि विक्रेता म्हणाला की नवीन आहेत ना, दोनशे तास वाजू द्या, बर्न-इन झालं, म्हणजे वाजून वाजून भाग जरा सैलावले, की मऊ होतील. पैशांची सोय अशी की अर्धे इमर्जन्सी फंडातून आणि अर्धे बारा हप्त्यांत. फंड चार महिन्यांच्या खर्चाएवढा आहे, बचत पगाराच्या १५ टक्के. तुमचे प्रश्न दोन, बर्न-इन खरंच होतं का, आणि एवढे पैसे घालावेत का.

माझं उत्तर आधीच देऊन टाकतो: हे मॉडेल घेऊच नका, आणि दुसरं कुठलंही घ्यायचं असेल तर या पद्धतीने घेऊ नका. महागडे हेडफोन घेण्याला माझा विरोध नाहीये, हौसेला मोल नसतं हे मलाही मान्य आहे, पण तुम्ही जे विकत घेताय त्यातला एक मोठा भाग तुम्हाला अजून ऐकूच आलेला नाही, तो पुढे येईल असं फक्त सांगितलंय.

आता बर्न-इन. ही कल्पना अगदीच हवेतली नाहीये, म्हणून लोकांना पटते. मोठ्या स्पीकरच्या वूफरमध्ये, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या भागात, कोनच्या (हलणाऱ्या पडद्याच्या) मागे एक कापडी जाळी असते, रेझिन लावून कडक केलेली, ती सुरुवातीला थोडी वाजली की जराशी सैल होते आणि मोजमापात ते दिसतं सुद्धा. पण हेडफोनमधल्या नेहमीच्या डायनॅमिक ड्रायव्हरचा (आवाज काढणाऱ्या भागाचा) हलणारा पडदा, म्हणजे डायफ्राम, ही बहुतेक वेळा प्लास्टिकची एक पातळ फिल्म, तिच्या कडाच स्प्रिंगचं काम करतात, आणि ती हलते ती मिलिमीटरच्या छोट्या अंशाएवढी. त्यात सैल व्हायला वूफरसारखं काही फारसं नसतंच. प्लॅनर नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या हेडफोनमध्ये ताणून बसवलेली फिल्म असते, तिथे ताण कमी होत गेला तर ती सुधारणा नाही, तो बिघाड.

लोकांनी हे मोजूनही बघितलंय. टिल हर्ट्सन्स, ज्यांनी वर्षानुवर्षं हेडफोन मोजण्याचं काम केलं, त्यांनी एकेजी कंपनीचे क्यू ७०१ हेडफोन तासन्‌तास वाजवत ठेवून मधेमधे मोजमापं घेतली होती. फरक सापडला, पण फारच बारीक. आणि हेडफोन डोक्यावर काही मिलिमीटर पुढे-मागे बसला किंवा चष्म्याच्या काडीमुळे कानावरचा पॅड नीट चिकटला नाही तर बास (खालचे सूर) आणि वरचे सूर त्याच्या कितीतरी पट बदलतात. म्हणजे तुम्ही संध्याकाळी हेडफोन काढून परत घातलात तर त्या एका घालण्यात जेवढा बदल होतो तेवढाही बर्न-इनने होत नाही. तुम्हाला ऐकू आलेला टोचरेपणा या बारीक फरकाने जाण्यासारखा नाही. खरं बदलतं ते पॅड. त्यातला फोम दबतो, कान ड्रायव्हरच्या जवळ जातो, टोन बदलतो, पण तो बदल चांगला असेल की वाईट हे कुणी आधी सांगू शकत नाही, आणि नवीन पॅड घातले की परत पहिल्यासारखं.

मग इतक्या लोकांना सुधारणा जाणवते ती खोटी का? नाही, जाणवणं खरं असतं. गाण्यातले लोक म्हणतात ना, कान तयार होतो. नव्या आवाजाची ठेवण मेंदूच्या अंगवळणी पडते, जे पहिल्या दिवशी खुपतं ते विसाव्या दिवशी लक्षातही येत नाही. रॉबर्ट झायोन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्येच दाखवलं होतं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती आपल्याला जास्त आवडायला लागते. त्यात आपण घसघशीत पैसे मोजलेले, वस्तू आपल्या मालकीची. रिचर्ड थेलर, ज्यांना २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांच्या कामातला एक मोठा धागाच हा आहे की वस्तू आपली झाली की आपण तिची किंमत जास्त धरतो. एक गोष्ट लक्षात घ्या, बर्न-इननंतर आवाज बिघडला असं जवळजवळ कुणीच सांगत नाही. वस्तू खरोखर बदलत असती तर काहींची वाईट दिशेनेही बदलली असती. बदल सगळ्यांना चांगलाच वाटतो, तेव्हा मला वाटतं तो कानात आणि मनात होतोय.

मी यातून गेलोय म्हणून एवढं ठामपणे लिहितोय. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून असेच महाग हेडफोन घेतले, तिथे मला शंभर तास सांगितले होते. मी रात्री झोपताना गाणी लावून ते ड्रॉवरमध्ये ठेवायचो. तीन आठवड्यांनी मी सगळ्यांना सांगत होतो की आता काय खुललाय आवाज. मग एका मित्राने तेच मॉडेल घेतलं, आम्ही त्याचे कोरे आणि माझे वाजलेले समोर ठेवले, स्पर्शावरून कळू नये म्हणून माझे जुने पॅड काढून दोघांना नवीन पॅड लावले, मी डोळे मिटून बसलो आणि तो डोक्यावर चढवत होता. मला ओळखता आलं नाही. आणि मुख्य म्हणजे दोन्हींमध्ये तोच टोचरेपणा होता ज्याची मी सवय करून घेतली होती, तासाभराने डोकं जड व्हायचं त्याचं कारण तेच होतं. तोवर परतीची मुदत कधीच संपली होती, वर्षभराने निम्म्या किमतीला विकले.

तुमच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त काळजी याच मुदतीची वाटते. रोज दोन तास म्हणजे दोनशे तासांना शंभर दिवस लागतात. परतीची मुदत सहसा आठवड्यांत मोजतात, युरोपियन युनियनमध्ये ऑनलाइन खरेदीला कायद्याने १४ दिवस मिळतात, काही दुकानं स्वतःहून महिना देतात. म्हणजे ‘थांबा, सुधारेल’ हा सल्ला ऐकलात की तुमच्या हातातला एकमेव हक्क, वस्तू परत देऊन पूर्ण पैसे घेण्याचा, तो तुम्ही वाट बघण्यात घालवता. रात्रंदिवस वाजवत ठेवलेत तरी आठ दिवसांहून जास्त जातात आणि तेवढ्यात खोकं, टॅग, पॅड सगळं वापरलेलं होतं. विक्रेता मुद्दाम फसवतोय असं मी म्हणत नाही, त्याचा स्वतःचा विश्वासही असेल. पण आर्थिक परिणाम एकच. चोखंदळ गिऱ्हाइकाने पहिल्या दिवशी जी तक्रार केली असती ती तो शंभराव्या दिवशी करतो, आणि तेव्हा ऐकून घेणारं कुणी नसतं.

आणि एक बाजाराचा पुरावा, मला तरी हा सगळ्यात पटतो. बर्न-इनला खरंच मोल असतं तर सेकंडहँड बाजारात तीनशे तास वाजलेले, नीट ठेवलेले हेडफोन कोऱ्यापेक्षा महाग विकले गेले असते. कष्टाचे तास आधीच दुसऱ्याने घातलेले, घ्यायचे आणि ऐकायचे. पण तसं होत नाही, वापरलेले कायम स्वस्तच मिळतात, आणि बर्न-इन मानणारे लोकही घासाघीस करून आणखी कमी करून मागतात. आणि खरंच दोनशे तासांत आवाज दुकानात ऐकवण्याइतका सुधारत असता तर दुकानातला डेमो पीस केव्हाच तयार झाला असता. तुम्ही ऐकलेला डेमो पीस किती महिने तिथे आहे ते विचारा. रोज दोन-चार जण ऐकत असतील तर त्याचे दोनशे तास बहुधा होऊनही गेले असतील, आणि तुम्हाला टोचलं ते त्यानंतरचं.

किंमत आणि आवाज यांचं नातं पण वाटतं तेवढं सरळ नाहीये. येरून ब्रेबार्ट या ध्वनी-संशोधकांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनची मोजमापं आणि त्यांच्या किमती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स (कोणता सूर किती जोरात वाजतो ते) आणि किंमत यांचा संबंध काही सापडला नाही. याचा अर्थ सगळे सारखेच असा नाही. महागात बनावट चांगली मिळते, आराम मिळतो, सुटे भाग मिळतात, डाव्या-उजव्या ड्रायव्हरची जुळणी काळजीपूर्वक केलेली असते, त्यालाही पैसे पडतातच. पण दुप्पट पैशात दुप्पट गोडवा असं गणित नाही. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनी-संशोधकांनी १९९४ मध्ये स्पीकरवर केलेल्या चाचणीत दिसलं होतं की तेच ऐकणारे, तेच स्पीकर, पण समोर दिसत असले की गुण वेगळे आणि पडद्याआड असले की वेगळे. रूप, नाव आणि किंमत कानाला लाच देतात, माझ्या कानालाही देतात.

आता तुमचे पैसे. बचत १५ टक्के म्हणजे खर्च पगाराच्या ८५ टक्के, त्यामुळे चार महिन्यांचा फंड म्हणजे साधारण ३.४ पगार. त्यातून एक पगार काढलात की उरतो २.४, म्हणजे तीन महिन्यांच्याही खर्चाला कमी. आणि उरलेल्या एका पगाराचे बारा भाग, दर महिन्याला ८.३ टक्के, तेही व्याज शून्य धरून. तुमची निम्म्याहून जास्त बचत वर्षभर त्या हप्त्यात जाणार. म्हणजे फंडाला भोक पाडायचं आणि ते बुजवायला लागणारे पैसे पण त्याच वेळी अडकवायचे. त्या वर्षात नोकरी गेली किंवा घरात आजारपण आलं तर हेडफोन निम्म्या किमतीत विकायला काढावे लागतील. मला हे अजिबात आवडलेलं नाही, आणि व्याज लागत असेल तर आणखीच नाही. हप्ता बिनव्याजी म्हणत असतील तरी रोख दिले तर किती कमी करता असं विचारून बघा, बऱ्याचदा व्याज तिथे लपलेलं असतं.

एक गणित मात्र हेडफोनच्या बाजूने पण आहे, ते पण सांगायला हवं. महिन्याला १७६ तास काम धरलं तर दोन पगार म्हणजे ३५२ तासांची मेहनत. वर्षातले ३०० दिवस रोज दोन तास ऐकलंत आणि दहा वर्षं टिकले, तर ६००० तास होतात, म्हणजे एक तास ऐकायला साडेतीन मिनिटांचं काम. ही किंमत मला जास्त वाटत नाही, संगीत ज्याच्या आयुष्यात खरोखर आहे त्याच्यासाठी तर नाहीच. पण दोन वर्षांत कंटाळा आला किंवा दुसरं मॉडेल खुणावू लागलं तर तोच तास साडेसतरा मिनिटांना पडतो, विकून जे येईल ते वजा. म्हणून ‘किती महाग’ याच्याआधी ‘किती वर्षं’ हे विचारा. वायर असलेले, पॅड आणि केबल सुटे मिळणारे हेडफोन दहा वर्षं सहज जातात, सेनहायझरचं एचडी ६०० हे १९९७ चं मॉडेल आजही विकलं जातं. ब्लूटूथवाल्यांना बॅटरीचं आयुष्य असतं, ती बदलता येत नसेल तर दहा वर्षांचं गणित विसरा. आणि अ‍ॅम्प (आवाजाला जोर देणारं यंत्र), डॅक (डिजिटल गाण्याचा आवाज करणारं यंत्र), केबल यांची साखळी सुरू होते का ते आधी बघा, काही हेडफोन फोनवर नीट वाजतच नाहीत, मग दोन पगारांचे तीन होतात.

मग करायचं काय? फंडाला हात लावू नका. जो हप्ता दुकानाला देणार होतात तेवढेच, पगाराचे आठ टक्के, दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका, नाव हवं तर ‘हेडफोन’ ठेवा. वर्षाने जवळजवळ एक पगार जमेल. तेव्हाही ओढ तेवढीच असेल तर एका पगारात नवीन चांगले किंवा सेकंडहँड त्याहून वरच्या वर्गातले घ्या, मी स्वतः वापरलेलेच घेईन, घसरायची ती किंमत पहिल्या मालकाच्या खिशातून गेलेली असते. मधल्या काळात आत्ताच्या हेडफोनवर ईक्यू, म्हणजे फोनमधलं सूर कमी-जास्त करण्याचं सेटिंग, लावून बघा, फुकट आहे, आणि कित्येकदा तुम्हाला हवा असलेला बदल तिथेच सापडतो.

आणि पुढच्या वेळी ऐकायला जाल तेव्हा स्वतःची रोजची पाच-सहा गाणी आणि स्वतःचे जुने हेडफोन घेऊन जा, दोन्हींचा आवाज सारख्या पातळीवर आणा, कारण जरासा मोठा वाजणारा नेहमी चांगलाच वाटतो, आणि किमान पाऊण तास घालून बसा. बेताच्या आवाजातच ऐका, जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबल आठवड्याला ४० तास एवढीच मर्यादा सांगते आणि कान काही सेकंडहँड मिळत नाहीत. पाऊण तासानंतर काढावेसे वाटले नाहीत तर ते मॉडेल लिहून ठेवा. टोचले, तर तिथेच टेबलावर ठेवून उठा, कुणी कितीही तास सांगोत.

वर्षभराने खात्यात पैसे जमले की मला परत लिहा, तेव्हा कोणतं मॉडेल आणि नवीन की वापरलेलं ते आपण नीट बसून ठरवू.