सिंड्रेला हा ग्लॅम मेटल बँड एवढा मोठा होऊन इतक्या लवकर का संपला? निर्वाणामुळेच ना?

"निर्वाणामुळेच ना?" असं तुम्ही प्रश्नातच ठरवून टाकलंय, म्हणून लिहायला बसले. गेली तीस वर्षं हे वाक्य ऐकतेय आणि दर वेळी तितकीच चिडते. सिंड्रेला बसला तो त्यांच्या गायकाच्या, टॉम कीफरच्या घशामुळे; ग्रंज नावाचा खरबरीत रॉक घेऊन आलेल्या निर्वाणा या बँडमुळे नव्हे.

चढत्या काळाबद्दल फार लिहीत नाही. फिलाडेल्फियाच्या क्लबांत वाजवणारी पोरं. तिथे जॉन बॉन जोवीने त्यांना ऐकलं, आपल्या रेकॉर्ड कंपनीतल्या माणसाच्या कानावर घातलं आणि १९८६ मध्ये 'नाइट साँग्स' आला. अमेरिकेच्या अल्बमच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढला. १९८८ चा 'लाँग कोल्ड विंटर'ही तसाच तिसेक लाख खपला. ऑगस्ट १९८९ मध्ये मॉस्कोच्या लेनिन स्टेडियमवर ऑझी ऑस्बॉर्न आणि स्कॉर्पिअन्स अशा बड्या रॉकवाल्यांच्या बरोबरीने हे वाजवत होते. पहिल्या अल्बमवरचे फुगवलेले केस बघून लोक त्यांना पॉयझनसारख्या झगमगाटी ग्लॅम बँडच्या पंगतीला बसवतात, ते साफ चूक आहे. दुसऱ्या अल्बमपासून ही मंडळी ब्लूज वाजवत होती. १९९० च्या 'हार्टब्रेक स्टेशन'मध्ये तर लेड झेपलिनच्या जॉन पॉल जोन्सने व्हायोलिनांची रचना करून दिली आहे. नुसत्या केसांच्या बँडसाठी तो माणूस आला नसता.

आता घशाचं. कीफरकडे दोन आवाज होते. एक खालचा, मऊ, 'नोबडीज फूल'च्या सुरुवातीला ऐकू येतो तो. आणि दुसरा वरचा, पत्रा कापल्यासारखा. लोक ऐकायला यायचे ते हा दुसरा.

मी त्या आवाजाच्या मागे लागले होते. १९९४ साली पुण्यात आमचा पाच जणांचा कॉलेजचा बँड होता, मी गायचे. सराव निगडीला, ड्रमवाल्याच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. मावसभावाने मस्कतहून आणलेली 'लाँग कोल्ड विंटर'ची कॅसेट मी इतकी वाजवली होती की 'जिप्सी रोड' सुरू होताना टेप ओढल्यासारखी व्हायची. आमच्याकडे मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, नव्हता. ड्रम आणि दोन अँपच्या वर आवाज काढायचा म्हणजे ओरडायचंच. लहानपणी सात वर्षं शास्त्रीय शिकले होते. बाई सांगायच्या, आवाज घशातून ओढू नकोस. त्या खोलीत ते मला कधी आठवलं नाही.

गॅदरिंगच्या आठवडाभर आधी वरचे सूर लागेनात. तोंड उघडलं की नुसती हवा. मी सांगितलं, तर आमचा गिटारिस्ट म्हणाला, "घरून ओरडा बसला असेल, म्हणून कारणं देतेयस." मग गायले. तिसऱ्या गाण्यात ओळीच्या मध्येच आवाज गेला. मी माइक धरून उभी, आणि तो माझ्याकडे न बघता सोलो लांबवत राहिला.

दोन दिवसांनी लक्ष्मी रोडवरच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी स्पिरिटच्या दिव्यावर छोटा आरसा गरम केला, म्हणजे श्वासाची वाफ धरत नाही. जीभ फडक्यात धरून बाहेर ओढली, आरसा आत घातला आणि म्हणाले, "ई म्हण." दोन्ही स्वरतंतूंवर तांदळाच्या कणीएवढ्या गाठी होत्या. तीन आठवडे मौन सांगितलं. मी घरात पाटी घेऊन फिरायचे. तेवढ्यात बँडला दुसरा गाणारा मिळाला, यादीत निर्वाणा आणि पर्ल जॅम आले, आणि गिटारिस्टने कॉलेजभर सांगितलं की तसंही माझी गाणी जुनी झाली होती.

कीफरचं याहून कितीतरी वाईट होतं. १९९१ मध्ये त्याचा आवाज घसरायला लागला आणि निदान झालं की डावा स्वरतंतू लुळा पडलाय. डाव्या बाजूची नस मेंदूकडून येते ती छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालून परत घशापर्यंत चढते. ती नस दुखावली की स्नायू शाबूत असून हलत नाही. तू पुन्हा गाशीलच असं नाही, असं त्याला सांगितलं गेलं. ओरखडून गाण्याने पुढे घशात रक्तस्राव झाले, त्याच्या शस्त्रक्रिया वेगळ्या. लुळ्या स्वरतंतूसाठी मात्र सुराच्या पहिल्या पायरीपासून नव्याने शिकणं एवढंच हातात होतं.

हे नेमकं त्याच वर्षांत. सप्टेंबर १९९१ ला निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' आला, जानेवारी १९९२ मध्ये त्याने मायकल जॅक्सनला पहिल्या क्रमांकावरून खाली ओढलं. वारं फिरलं तेव्हा सिंड्रेलाच्या तोंडात आवाजच नव्हता. ड्रमर फ्रेड कूरी आर्केड नावाच्या बँडमध्ये गेला. 'स्टिल क्लाइंबिंग' येईपर्यंत १९९४ उजाडलं, तो पहिल्या शंभरातही गेला नाही आणि कंपनीने हात झटकले.

एक मात्र मान्य करायला हवं. वॉरंट, विंगर या ग्लॅम बँडच्या गायकांचे घसे ठणठणीत होते, तेही बुडाले. म्हणजे ग्रंजचा वाटा आहेच. एकसारखे बँड भरभरून उतरवणाऱ्या कंपन्यांचाही आहे. पण ज्या बँडकडे ब्लूज होता तो कदाचित तगला असता, असं मला अजून वाटतं.

तुमच्या बँडमध्ये गाणारं कोणी "आवाज लागत नाहीये" म्हणालं तर त्या दिवशी गाऊ देऊ नका. तीन आठवड्यांपेक्षा जास्त घोगरेपणा राहिला तर सरळ डॉक्टर गाठा, ज्येष्ठमध चघळत बसू नका. कुजबुजूही नका, त्यानेही ताण येतो. आमच्याकडे गिटारची तार तुटली की सगळे थांबायचो, वर्गणी काढून नवी आणायचो. त्याला कधी कोणी "कारणं" म्हटलं नाही.

कीफर परत गायला लागला. २०१३ मध्ये त्याचा स्वतःचा 'द वे लाइफ गोज' आला, तो जरूर ऐका. सिंड्रेलाचा गिटारिस्ट जेफ लबार २०२१ मध्ये गेला, त्यामुळे ते चौघे आता एकत्र दिसणार नाहीत.

आमचा गिटारिस्ट हल्ली अमेरिकेत असतो आणि मराठी वाचतो. वाचत असशील तर ऐक, त्या डॉक्टरांची चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. तारीख गॅदरिंगनंतर दोन दिवसांची आहे.