पेरणीला माणसं गायब होतात, त्यावर

भाऊ, वाळूजला साठ माणसांचं मशीन शॉप, जूनमध्ये पंधरा-वीस पोरं न सांगता गावाकडं जातात, हजेरी बोनस वाढवूनही खाडे तेवढेच. आता एचआर सल्लागार नेमू की बाहेरच्या राज्यातली माणसं आणू, असं विचारलंत. एवढ्यात दोन्ही नको. याच एमआयडीसीत बावीस वर्षं टाइम ऑफिस, म्हणजे हजेरी-रजेचं काम, सांभाळलं. त्यातली पहिली आठ मीही "पोरांना शिस्तच नाही" म्हणण्यात घालवली.

घोळ रजेच्या अर्जात आहे. आपण पंधरा दिवस आधी अर्ज मागतो. कृषी विभाग सांगतो, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. त्यानंतर वापसा आला, म्हणजे ओली जमीन पेरण्याजोगी झाली, की दोन-चार दिवसांत पेरणी उरकावीच लागते. परभणीच्या पोरानं ही तारीख आधी कुठून आणायची? म्हणून तो अर्जच देत नाही, नुसता जातो.

मे महिन्यात सुपरवायझरला वही घेऊन बसवा. कुणाला किती एकर, घरी दुसरं कोण करणारं आहे, गाव कोणतं. गंगापूरचा पाऊस आणि हिंगोलीचा पाऊस एका दिवशी पडत नाही, त्यामुळं सगळे एकदम जातच नाहीत. चार दिवसांची रजा तारीख न टाकता मंजूर करून ठेवा. निघताना फोन केला की झालं. सोयाबीन काढणीला, ऑक्टोबरच्या आसपास, पुन्हा हेच. मधल्या काळात प्रत्येक सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) दुसरा माणूस तयार करा. सल्लागाराची फी त्यात घाला. बियाण्या-खतासाठी थोडी उचल दिलीत तर उत्तमच.

रजा फुकट दिल्यासारखं वाटत असेल तर नोव्हेंबर 2025 पर्यंत चाललेला 1948 चा जुना कारखाना कायदा आठवा: वर्षात 240 दिवस भरले की पुढच्या वर्षी दर 20 दिवसांमागं एक पगारी रजा मिळायची. ती पगाराच्या स्लिपवर दाखवता का? (आणि रजेसाठीचे दिवस भरू नयेत म्हणून नोकरीत मुद्दाम ब्रेक देत असाल, तर निष्ठेची अपेक्षा कुठल्या तोंडानं करायची?)

खरी गळती मात्र परतताना होते. आमच्याकडचा एक ऑपरेटर आठ दिवसांनी आला, डबा घेऊन, फर्स्ट शिफ्टला. वॉचमन म्हणाला, साहेबांना विचारतो. साहेब नऊ वाजता आले, म्हणाले बसू दे जरा. पोरगं साडेदहापर्यंत गेटबाहेर दगडावर बसलं, येणारे-जाणारे बघत होते. मग उठलं आणि दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या कंपनीत लागलं. तो साहेब मीच. नवा माणूस त्या मशीनवर बसेपर्यंत दीड महिना रिजेक्शन, म्हणजे बिघडलेला माल, मोजत होतो.

तेव्हा परत आलेल्याचं कार्ड चालू ठेवा, आत घ्या, बोलायचं ते जेवणाच्या सुट्टीत बोला. तुमच्या वॉचमनला याबद्दल काय सांगून ठेवलंय, ते आज विचारून बघा.