आरसीवरचे मालक हयात नाहीत, टीटी फॉर्मवर त्यांच्या कोऱ्या सह्या आहेत : गाडी नावावर कशी करावी

तुमच्या मजकुरावरून मला परिस्थिती अशी दिसते. तुम्ही पुण्यात कात्रजला राहता आणि हडपसरच्या एका जुन्या दुचाकींच्या विक्रेत्याकडून २०१६ ची, एमएच-१२ पासिंगची मोटारसायकल घेतलीत. पूर्ण पैसे दिल्यानंतर लक्षात आले, की आरसी ज्यांच्या नावावर आहे ते गृहस्थ गेल्या वर्षी वारले असून गाडी त्यांच्या मुलाने विक्रेत्याला दिली आहे. हातातले टीटी फॉर्म, म्हणजे मालकी बदलण्याचे नमुना २९ आणि ३०, वडिलांच्या सह्यांचे आहेत आणि तारखेची जागा कोरी आहे. आरसीवर बँकेची एचपी, म्हणजे गाडीवर बँकेचे कर्ज असल्याची नोंद, अजून तशीच आहे. एजंट म्हणतो, की मृत्यूच्या आधीची तारीख टाकून गाडी लगेच नावावर करून देतो. तसे करावे का, असा तुमचा प्रश्न आहे.

करू नये. एरवी एजंटकडून काम करून घेण्याला माझा विरोध नाही. ज्यांना रजा मिळत नाही त्यांनी एजंटला पैसे देऊन रांग वाचवली तर त्यात काही गैर नाही. पण इथे एजंट सेवा देत नसून खोटा कागद तयार करून देत आहे. नमुना ३० नीट वाचून पाहा. वरच्या भागात विकणाऱ्याने अमुक तारखेला अमुक व्यक्तीला गाडी विकल्याचे लिहून द्यायचे असते, त्याखालच्या भागात घेणाऱ्याने आपण ती घेतल्याचे लिहून द्यायचे असते, आणि शेवटी कर्ज देणाऱ्या संस्थेच्या संमतीची जागा असते. म्हणजे हयात नसलेल्या माणसाने आपल्याला गाडी विकली, असे तुम्ही स्वतःच्या सहीने सांगणार आहात. तुम्ही विक्रेत्याला पैसे दिले त्याची नोंद बँकेत आहे, मृत्यूची तारीख महापालिकेच्या दाखल्यावर आहे, आणि या दोन तारखा कधीही शेजारी ठेवल्या जाऊ शकतात. त्या दिवशी बनावट दस्तऐवज वापरल्याचा जाब तुम्हाला विचारला जाईल, कारण एजंटची सही त्या फॉर्मवर कुठेच नसते.

सरळ मार्गाला थोडा वेळ लागतो, पण तो अवघड नाही. सातबाऱ्यावर जशी आधी वारसनोंद होते आणि मग खरेदीखत, तसेच इथे आहे : गाडी आधी वारसाच्या नावावर चढेल आणि मग वारस ती तुम्हाला विकेल. त्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत नमुना ३१ आहे. मालकाच्या मृत्यूनंतर गाडी ज्याच्या ताब्यात आली त्याने ३० दिवसांत आरटीओला कळवावे आणि मृत्यूपासून तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यावी, असा नियम आहे. ही मुदत तुमच्या बाबतीत उलटून गेली आहे. त्यामुळे नोंद नाकारली जाते असे नाही. उशिराचा दंड भरून ती करून घेता येते.

खरी गाठ वारस कोण या प्रश्नात आहे, आणि नेमकी तीच गोष्ट विक्रेते विचारत नाहीत. गाडी मुलाने दिली म्हणजे मुलगा एकटा मालक होता असे होत नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाची मालमत्ता पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई या सर्वांकडे समान वाट्याने जाते. कुटुंबाला दुसरा वैयक्तिक कायदा लागू असेल तर वाटे वेगळे पडतील. म्हणून मुलाची आई आणि लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली बहीण असेल तर तीसुद्धा, यांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रे घ्यावी लागतील. घरात वाद नसेल तर मृत्यू दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र, इतर वारसांच्या ना-हरकती आणि सर्वांची ओळखपत्रे यांवर दुचाकीचे काम सहसा होते. वाद असेल तर शिवाजीनगरच्या दिवाणी न्यायालयातून वारस प्रमाणपत्र आणण्याची वेळ येते, आणि तसे झाले तर मी तुम्हाला गाडी परत करून पैसे मागण्याचाच सल्ला देईन. एका जुन्या मोटारसायकलीसाठी परक्या घरच्या वारसाहक्काच्या वादात अडकून पडू नये.

मुलगा टाळाटाळ करत आहे असे तुम्ही लिहिले आहे. त्याच्याशी भांडू नका, त्याची जोखीम त्याला समजावून सांगा. मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो, आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मधील एका निकालात हेच ठामपणे सांगितले. त्या प्रकरणातली गाडी एकामागून एक अनेकांच्या हातांत गेली होती, नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती, आणि अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावर आली. उद्या ही मोटारसायकल कोणाला धडकली तर दाव्याची नोटीस त्याच्या वडिलांच्या नावाने त्याच्याच घरी जाईल आणि वडिलांच्या मिळकतीतून भरपाई मागितली जाईल. हे शांतपणे सांगितले की बहुतेक कुटुंबे सह्या द्यायला स्वतःहून पुढे येतात, असा माझा अनुभव आहे. वडील नुकतेच गेलेल्या घरात आपण कागद मागायला जातो आहोत याचेही भान असू द्यावे. नोटरीचा आणि झेरॉक्सचा खर्च आपण उचलावा आणि त्यांना सोयीची वेळ त्यांनाच विचारावी.

आता एचपी. कर्ज फिटले आहे असे मुलगा सांगतो, पण त्यावर विसंबू नका. बहुतेक वेळा कर्ज खरोखरच फिटलेले असते आणि बँकेचे पत्र आणायचे तेवढे राहून गेलेले असते. क्वचित मात्र शेवटचे काही हप्ते थकलेले असतात, आणि तसे असेल तर बँकेच्या संमतीशिवाय गाडी कोणाच्याही नावावर होणार नाही. मुलाने मृत्यू दाखला घेऊन बँकेत जावे आणि कर्ज निरंक असल्याचे पत्र व एचपी उतरवण्यासाठीचा, बँकेच्या सही-शिक्क्याचा नमुना ३५ मागावा. पत्रावर मुदत छापलेली असेल तर ती संपण्याआधी अर्ज झाला पाहिजे. २०१६ च्या गाडीत आणखी एक अडचण संभवते, ती म्हणजे आरसीवरची बँकच आता त्या नावाने अस्तित्वात नसणे. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या, तर सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत. अशा वेळी पत्र विलीनीकरणानंतरच्या बँकेकडून घ्यायचे आणि त्यात जुन्या बँकेचे नाव व जुना कर्ज खाते क्रमांक यांचा स्पष्ट उल्लेख करून घ्यायचा, नाहीतर काउंटरवर नावे जुळत नाहीत म्हणून कागद परत येतात.

संगम पुलाजवळच्या आरटीओत जाण्याआधी घरी एक काम करा. हँडल पूर्ण एका बाजूला वळवा, समोरच्या नळीवरचे तेल आणि धूळ रॉकेलच्या फडक्याने पुसा, पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासा आणि तिथे कोरलेल्या चॅसी नंबरचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या क्रमांकाचा, ठसा घ्या. मग तो आरसीशी एकेक अक्षर लावून पाहा. या सतरा अंकाक्षरांच्या क्रमांकात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे कधीच वापरली जात नाहीत, त्यामुळे आरसीवर ओ दिसला तर तिथे शून्य असायला हवे होते आणि नोंद करताना चूक झाली आहे हे लगेच कळते. बी आणि आठ, एस आणि पाच यांचीही अशीच अदलाबदल होते. चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज वारसनोंदीच्याच वेळी द्या. ठसा खाडाखोड केल्यासारखा, पुन्हा ठोकल्यासारखा दिसला तर मात्र पुढचे सगळे थांबवा आणि आधी पोलिसांकडे जा.

थकलेली ई-चलने महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर गाडीच्या क्रमांकावरून दिसतात. तुम्ही गाडी घेण्याआधीच्या तारखांची चलने विक्रेत्याने भरावीत. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असल्यामुळे उच्च सुरक्षा नंबरप्लेटही बसवलेली असली पाहिजे.

वारसाचे नाव चढल्यावर नमुना २९ च्या दोन प्रती आणि नमुना ३० नव्याने भरा, या वेळी वारसाच्या सहीने आणि खऱ्या तारखेने. वडिलांच्या सहीचे कोरे फॉर्म मुलासमोर फाडून टाका. वारसाचा आणि तुमचा मोबाइल क्रमांक आपापल्या आधारशी जोडलेला आहे ना, हे आधीच तपासा, कारण ऑनलाइन अर्जात ओटीपीवरच काम अडते. नव्या आरसीवर तुम्ही तिसरे मालक दिसाल. विक्रेत्याने गाडी पहिल्या मालकाची म्हणून विकली असली तरी ही नोंद बरोबर आहे. ती दुरुस्त करून मागू नका.

विक्रेत्यालाही सोडू नका. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे जुन्या नोंदणीकृत गाड्यांच्या व्यापाऱ्याने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचे असते, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना नमुना २९सी मध्ये द्यायची असते. तुमच्या गाडीबाबत अशी सूचना दिली होती का, हे त्याला लेखी विचारा. वारसनोंद, एचपी आणि चलने यांचा खर्च त्याच्याकडे लेखी मागा. त्याने हात झटकले तर पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क लागत नाही. पैसे दिल्याची पावती आणि त्याच्याशी झालेले मोबाइलवरचे संदेश आजच जपून ठेवा.

शेवटचा मुद्दा विम्याचा, आणि तो मला सर्वांत तातडीचा वाटतो. विमा वडिलांच्या नावावर आहे आणि मुदत अजून बाकी आहे, म्हणून तुम्ही गाडी रोज कामावर नेत आहात. वाहन विम्याच्या अटींनुसार एकट्या विमाधारकाचा मृत्यू झाल्यावर पॉलिसी लगेच संपत नाही, पण ती फक्त तीन महिने किंवा मूळ मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंतच चालते. गेल्या वर्षीच्या मृत्यूनंतर तो काळ संपला आहे, मग छापील कागदावर कोणतीही तारीख असो. आजपासून गाडी उभी करा. वारसनोंदीच्या वेळी वारसाच्या नावाने नवा विमा काढा, आणि गाडी तुमच्या नावावर होताच १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे नाव बदलण्याचा अर्ज द्या. त्यातच मालक-चालकासाठीचे पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण तुमच्या नावाने घ्या आणि त्यात नामनिर्देशन करा.