सतारीसाठी बैठक करताना

सतार घेतलीस, छान झालं. आता गादीवर बसून रियाज करू नकोस. मऊ गादीत कंबर खचते, पाठीला बाक येतो आणि तासाभरात डावा पाय मुंग्यांनी बधिर होतो. नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घरी मी दोन वर्षं तशीच बसले, कंबरदुखी ओढवून घेतली.

सुताराकडून साधारण १५ बाय १२ इंचांचा पाट करून घे, उंची ३ इंच. वर इंचभर कडक फोम, त्यावर सुती कापड. रेक्झिन नको, ठाण्याच्या दमटपणात घामाने घसरायला होतं. पुढची कड मात्र गोल घासून घे. चौकोनी राहिली की मांडीत रुतते, मुंग्या तिथूनच सुरू होतात.

पाटावर फक्त बैठक टेकायची, पाय खाली सतरंजीवर. सतारीचा भोपळा डाव्या पायाच्या तळव्यावर विसावतो, उजवा हात भोपळ्यावर. डावा हात सोडून बघ: दांडी जागची हलली नाही तर उंची बरोबर. हलली तर आधी पाटाखाली घडी घातलेली चादर सरकवून उंची ठरव, मगच पुन्हा सुताराकडे जा.

पावसाळ्यात पाट भिंतीला चिकटवून ठेवू नकोस, ओल धरतो.